जीवनशैली हा आधार आहे, उपचाराचा पर्याय नव्हे
मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये चेतातंतूंवरील मायलिनचे वेष्टन नष्ट होत जाते. माझ्या प्रकारात अधूनमधून झटके येत नाहीत. चाल मात्र वर्षागणिक मंदावते. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले, तरी अशा तंतूंतील संदेशवहन अडखळू शकते. म्हणून मी पहाटेच चालून घेतो. बेताचा व्यायाम, पुरेशी झोप, धूम्रपानापासून दूर राहणे यांचा निश्चित उपयोग होतो. परंतु ‘आहार बदला, बरे व्हाल’ हे विज्ञान नव्हे. आजार वाढला की त्याचा दोष रुग्णाच्याच माथी येतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. तेव्हा संशोधनसंस्थांनी उपदेशाआधी लिफ्ट, थंड खोली आणि कामाची लवचिक वेळ द्यावी. शिस्त मी पाळतोच. जिन्याचा प्रश्न मात्र संस्थेनेच सोडवायचा आहे.