गाठोड्यातली बाग

आमच्या तालुक्याच्या गावी गेल्या हिवाळ्यात गोधड्यांचे प्रदर्शन भरले होते. विषय 'बाग', आणि अट एकच: कापड जुने हवे. माझ्या मावशीने आपली परसबाग शिवून पाठविली. ती परत आली. परीक्षक महाशयांचा शेरा असा, की अळूची पाने तपकिरी आहेत, तेव्हा निरीक्षण कच्चे. शिवाय वस्तू उपयोगाची, कलेची नव्हे.

पहिल्या बक्षिसाची बाग मी नीट पाहिली. हिरव्याच्या नऊ छटा, आणि एकीलाही पाणी लागलेले नाही! नव्या साड्या कातरून त्यांना जुने म्हणावयाचे. पण माझे भांडण त्या लबाडीशी नाही. (लबाडी शाळेतली मुलेही करतात, ती पकडण्यात माझी वीस वर्षे गेली.) भांडण आहे ते परीक्षकांच्या नजरेशी.

दुकानात हवा तो रंग मिळतो; गाठोड्यात मिळत नाही. तेथे असते एक विटलेले लुगडे, धोतराचा बरा राहिलेला तुकडा, परकराचा घेर. मावशीपाशी हिरवे होते ते केळीलाच संपले. उरला काकांचा तपकिरी सदरा. न्हाणीच्या पाण्यावर अळू त्यांनीच लावले होते. ते गेल्यावर तिने त्या सदऱ्याची पाने केली, आणि शेजारी निळा काठ असा बसविला की पान ओले दिसावे. हे निरीक्षण कच्चे?

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीत मिझूरी पेटवे या बाईने १९४२ साली मृत नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, ती पांघरण्यासाठीच. त्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या, शिवणाऱ्यांच्या नावांनिशी. (परदेशी कौतुक ऐकल्यावाचून घरची वाकळ उलगडून न पाहणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून हे सांगितले.)

आणि उपयोगाची म्हणून कलेची नव्हे, हा न्याय लावावयाचा तर जात्यावरची ओवीही बाद करा. तीही दळण सरावे म्हणूनच म्हटली जाई.

यापुढे परीक्षकांनी गोधडीबरोबर उरलेले गाठोडेही मागवावे, आणि काय होते व त्यातून काय केले ते शेजारी ठेवून गुण द्यावेत. मावशीची गोधडी मात्र त्यांना आता मिळायची नाही. परत आली त्याच दिवशी तिने ती धुऊन वाळत घातली. रोज वापरात आहे. अळूचे एक पान उसवलेही आहे.