भाजल्यावर पहिले आठ तास

चुलीने, स्टोव्हने किंवा उकळत्या पाण्याने कोणी भाजले, की घरात आधी शाई नाहीतर शेण शोधतात. यातले काहीही लावू नका. भाजलेला भाग 20 मिनिटे साध्या गार पाण्याच्या धारेखाली धरा, बर्फ नको. सूज चढण्याआधी बांगड्या, अंगठ्या काढा. मग धुतलेल्या फडक्याने झाकून थेट दवाखाना गाठा.

एवढी घाई कशासाठी? माणूस फार भाजला, की बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातले पाणी निघून जाते, रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते. रोग्याचा बोटांसह तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे 1 टक्का. 50 किलो वजनाची बाई 30 टक्के भाजली, तर 24 तासांत सुमारे 6 लिटर सलाईन लागते. त्यातले निम्मे पहिल्या 8 तासांत. हे तास भाजल्या क्षणापासून मोजतात, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे!

दोनतीन दिवसांनी शरीराची भट्टी पेटते. नाडी धावते, मांस झडते. मूत्रपिंडेही काही औषधे लवकर बाहेर टाकतात, म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. तो मनाने कमी करू नका. आणि पथ्याच्या नावाखाली रोग्याला उपाशी ठेवू नका. डॉक्टरांना विचारून डाळ, दूध, अंडी द्या. नवी कातडी त्यावरच धरते.