धुळ्यास जाण्यापूर्वीं

असोद्याचा एखादा मुलगा जळगांवच्या महाविद्यालयाच्या कबड्डी-संघांतून धुळ्यास निघाला, कीं घरांतील वडीलधारी मंडळी परतीची वेळ तेवढी विचारतात. गांठ कोणाशीं आहे, हें कोणी विचारीत नाहीं. ज्या खेळास हुतूतू म्हणून हिणविलें, तो अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळीं दाखविला होता. शिवाय विद्यापीठाच्या संघाची वाट अशाच आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून जाते.

प्रतिपक्षाचे दंड पाहून भिऊं नये. त्यांचा मुख्य गडी कोणत्या बाजूनें आंत शिरतो व परततांना पाठ कोणाकडे करतो, तें पाहावें. दोन चढाया रिकाम्या गेल्या कीं तिसरींत गुण आणावाच लागतो, नाहीं तर चढाई करणारा बाद होतो. अशा वेळीं ते कोणास पाठवितात, यावरून त्यांचा भरंवसा कोणावर आहे तें कळतें.

परंतु आमच्या मतें खरी पारख त्यांचे तीनच गडी उरतात तेव्हां होते. त्या स्थितींतील पकडीस एक गुण अधिक मिळतो. चौघे बाद झाले या आनंदांत आंत धांवलेला आपला मुलगा कोपऱ्यांतल्या गड्याच्या हातीं घोटा देऊन बसतो, आणि जिंकत आलेला सामना फिरतो. (गुडघा दुखावला तर वर्षही जातें.)

हें सारें ऐकून कळत नाहीं. त्यांचा आदल्या दिवशीं सामना असल्यास कडेला बसून वहींत टिपावें. जळगांवहून धुळें सुमारें ९० किलोमीटर. सामन्याच्या सकाळीं एस. टी.चे धक्के खात पोहोंचणाऱ्यास तें साधत नाहीं. घरच्यांनीं त्यास आदल्या दिवशींच निघूं द्यावें.