दा नांगचे कांस्य

अरुणाचल प्रदेशातील अप्पर सुबनसिरी हा तिबेटच्या सीमेला भिडलेला जिल्हा. १९५९ साली चिनी सैनिकांनी जेथे आगळीक केली, ते लाँगजू याच जिल्ह्यातले. तेथील रूपा बायोर ही तरुणी देशाच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईत आली, प्रशिक्षक अभिषेक दुबे यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली आणि मे २०२४ मध्ये व्हिएतनाममधील दा नांग येथे आशियाई तायक्वांदो स्पर्धेत तिने पूमसे प्रकाराचे वैयक्तिक कांस्यपदक पटकावले. या प्रकारात असे यश मिळविणारी ती पहिली भारतीय. ज्या महानगरात ती घडली, तेथील किती जणांना तिचे नाव ठाऊक आहे?

पूमसेमध्ये समोर प्रतिस्पर्धी नसतो. कल्पनेतील शत्रूशी ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या पवित्र्यांनी झुंजायचे असते. दहापैकी चार गुण अचूकतेचे, सहा सादरीकरणाचे. पाऊल जरासे चुकले की एक दशांश गुण जातो. मोठ्या चुकीला तीन दशांश. जुन्या तालमींतून लाठीचे हात ज्या काटेकोरपणे घोटून घेतले जात, त्याच जातीची ही साधना. टाळ्या मिळतात त्या मात्र लाथाबुक्क्यांच्या झुंजीला!

२००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून तायक्वांदो हा अधिकृत पदकांचा खेळ आहे. परंतु तो केवळ झुंजीपुरता. पूमसेला तेथे अद्याप प्रवेश नाही. आशियाई क्रीडा स्पर्धांत तो आला तोही २०१८ मध्ये, जाकार्ताला. केंद्र सरकारची 'टॉप्स' योजना नावाप्रमाणेच ऑलिंपिकच्या पदकांवर दृष्टी ठेवणारी. साहजिकच असा खेळाडू तिच्या चौकटीबाहेर राहतो. त्यातच या खेळाची खरी राष्ट्रीय संघटना कोणती, हा वाद न्यायालयापर्यंत गेलेला. निधी मर्यादित असतो, प्राधान्य ठरवावे लागते, हे मान्य. पण मानांकन टिकवायचे तर परदेशी स्पर्धांना जावेच लागते, आणि तो प्रवासखर्च सरकारला न पेलणारा खचितच नाही. आशियाई पदक जिंकूनही खेळाडूने प्रायोजकांचे उंबरे झिजवावेत, ही व्यवस्था योग्य म्हणता येणार नाही.

दोष एकट्या शासनाचा नव्हे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे सायंकाळी शाळांच्या सभागृहांतून पांढऱ्या गणवेशातील मुले-मुली रंगीत पट्टे बांधून रांगेत उभी असतात. पालक हौसेने शुल्क भरतात, पट्ट्याचा रंग बदलला की छायाचित्र काढतात. दहावी जवळ आली की खेळ सुटतो. फार तर क्रीडागुणांपुरता उरतो. मुलींचा तर आधीच सुटतो. अशा मुलींपुढे रूपाला उभे करावयास हवे. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात तिचे एक प्रात्यक्षिक ठेवावे, आणि उपनगरांतील वर्गचालकांनी आपापल्या विद्यार्थिनींना पालकांसह तेथे आणावे. सत्काराची शाल आणि श्रीफळ नंतर देता येईल.