चार आण्यांची कोंबडी

आमचा एक भाचा अमेरिकेत मोन्टाना राज्यात असतो. तिकडे शरद ऋतूत रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीला जाण्यात कुणाला नवल वाटत नाही. यंदा स्वारीने उण्यापुऱ्या अडीच किलोची रायफल घेतली आणि तिच्यावर बसवायच्या दुर्बिणीचे चित्र मला पाठवले. 'मामा, कशी आहे?' तरुणपणी चार वर्षे मी नेमबाजी केली, तेवढ्यावर घरात माझी या विषयातली ख्याती!

दुर्बीण चोवीसपट मोठे दाखवणारी, वजन पाऊण किलो. मी कळवले, 'अरे शहाण्या, डोंगर चढताना खांदा दुखू नये म्हणून जादा पैसे मोजून हलकी रायफल घेतलीस ना? मग तिच्या डोक्यावर हा वरवंटा कशाला?' चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला, तो हाच.

दुर्बिणीवर ३-९×४० असे आकडे असतात. पहिले दोन, वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतात. शेवटचा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. अशी दुर्बीण साडेतीनशे-चारशे ग्रॅमची मिळते. तिप्पट ठेवली तर शंभर यार्डांवर सुमारे ३३ फूट रुंदीचा मुलूख दिसतो, नऊपट केली तर जेमतेम १४ फूट. झुडपातून निघालेले हरीण शोधेपर्यंत ते पसार!

आता भागाकार करा. ४० भागिले ९, म्हणजे डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत साडेचार मिलिमीटर. भाच्याच्या दुर्बिणीचे ५० भागिले २४, म्हणजे दोनच. संध्याकाळी डोळ्याची बाहुली पाच-सात मिलिमीटर उघडते. तिला हा उपास. पट कमी करता येते म्हणाल, तर मग ते ओझे वाहायचे कशाला?

आणखी एक. रायफल हलकी, तितका तिचा दणका मोठा. डोळा नऊ-दहा सेंटिमीटर मागे ठेवूनही पूर्ण चित्र दिसले पाहिजे. नाही तर भुवईवर रक्ताची चंद्रकोर उमटते. दुकानात गाल दस्त्याला टेकवून हे आधी पाहावे.

खरे कारण मी शेवटी लिहिले. 'मोठी दुर्बीण हरीण जवळ आणते, हात स्थिर करीत नाही. चारशे यार्डांवरचे जनावर समोर उभे दिसले की चाप ओढायचा मोह होतो. मग पोटात गोळी घेऊन ते रात्रभर कुठे तरी तडफडत राहते. ज्या अंतरावर तुझी प्रत्येक गोळी कागदावर बशीएवढ्या वर्तुळात बसते, तेवढीच तुझी हद्द.'

दोन दिवसांनी उत्तर आले : '३-९×४० घेतली. माझी हद्द दीडशे यार्ड निघाली.' मला बरे वाटले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीचे दिवस सरले, हे उत्तमच झाले. पण सुट्टीत मुलांना ताडोब्याला नेणार असाल तर दुर्बीण याच हिशेबाने घ्या. ८×४२ आकडा दिसला की भागाकार मुलांनाच करू द्या. उत्तर सव्वापाच आले पाहिजे!