गोलापुढची उमेदवारी

मुलगा फुटबॉलमागे धावू लागला, की घरोघरी कपाळाला आठ्या पडतात. घर रायपूरच्या गुढियारीत असो वा पुण्यात, आईवडिलांचा प्रश्न एकच : 'यात पोट भरेल का?' कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची सुरुवातीची वर्षे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

अनिकेतचे वडील रिक्षाचालक. तरीही पोराला त्यांनी लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत धाडले. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. त्यात अनिकेत आघाडीला खेळला. पण भारत तिन्ही सामने हरला. तो खचला नाही. त्याच नोव्हेंबरात 'इंडियन ॲरोज'कडून आय-लीगमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने चेन्नई सिटीवर दोन गोल चढवले. २०१९ मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावाची संधी मिळाली. पुढे जमशेदपूर, मग हैदराबाद. २०२२ मध्ये हैदराबादने इंडियन सुपर लीग जिंकली, तेव्हा तो त्या संघात होता.

वाचताना हे सोपे वाटते. पण आघाडीच्या खेळाडूला सारे जण गोलांच्याच तराजूत तोलतात. चार सामने गोल झाला नाही, की राखीव बाकावर बसावे लागते. करार संपला, की नवा संघ शोधणे आले.

म्हणून पालकहो, मुलाला मैदान जरूर द्या, पण शाळा सुटू देऊ नका. आणि तो हरून घरी आला, तर 'गोल किती केलेस?' असे विचारण्याआधी 'जेवतोस ना?' असे विचारा.