किंमत आणि मोल

२०२२ मध्ये रशियाने आक्रमण केले आणि युक्रेनमध्ये शिकणारी अनेक मराठी मुले ल्विव्हमार्गे मायदेशी परतली. तोवर पनवेलच्या मध्यमवर्गाच्या लेखी तो देश म्हणजे केवळ परवडणारी वैद्यकीय पदवी होती. वस्तुतः ल्विव्हचे विद्यापीठ १६६१ मधले; शहराचा जुना भाग १९९८ पासून जागतिक वारसा मानला जातो. आपल्याकडे गूळपाणी, तसे तेथे पाहुण्यापुढे पाव आणि मीठ ठेवण्याची रीत आहे. शांतता नांदू लागल्यावर तेथे जाणाऱ्याने नमस्कारासाठी ‘दोब्री देन’ आणि आभारासाठी ‘द्याकुयु’ एवढे तरी शिकावे. रशियन ‘स्पासीबा’वर भागवू नये. शुल्क ही झाली किंमत. भाषेचे मोल मात्र, १९६० मध्ये भाषिक राज्य झगडून मिळविणाऱ्या महाराष्ट्राला निराळे सांगावे लागू नये.